चित्राच्या नावचं खातं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचं खरं नाव चित्रा आहे, हे मला तीन वर्षांनी कळलं. तोवर मी तिला मधुरिमा म्हणत होते, तिचा नवरा अनिकेत मधू म्हणायचा आणि दारावरच्या पाटीवरही मधुरिमाच होतं. चंडीगडच्या चाळीस सेक्टरात एकाच जिन्यावर दोन मराठी घरं असणं म्हणजे नवलच. आमचे हे सुभेदार म्हणून चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून रिटायर झाले आणि इथली हवा मानवते म्हणून साताऱ्याला परत गेलेच नाहीत. हवा त्यांना मानवते, मला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मराठी बोलायला मला एक फोन नाहीतर भिंत. त्यामुळे ही दोघं सामान घेऊन आली, तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

पण वर गेलं तरी मराठी फारशी कानावर पडायची नाही. त्यांची मुलगी ओजस्विनी, आता सात वर्षांची, जन्मापासून तिला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मुलीचा गोंधळ नको. शाळा हिंदी, शेजारपाजार हिंदी, म्हणून यांनी हिंदी धरली. अंगाई हिंदीत, रागावणं हिंदीत. मराठी उरली ती नवराबायकोपुरती, आणि गेल्या एप्रिलपासून तीही बहुतेक भांडायलाच लागत होती.

एप्रिलमध्ये अनिकेतची मोहालीतली नोकरी गेली. एका शुक्रवारी बोलावलं आणि कंपनीचा लॅपटॉप ठेवून घेतला. मला हा मुलगा सुरुवातीपासून जरा शिष्ट वाटायचा, खोटं कशाला सांगू. जिन्यात भेटला की "नमस्कार काकू" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. पण नोकरी गेल्यावर रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा, मुलीला वाटावं बाबा ऑफिसला गेला. ते पाहिल्यापासून मी त्याला मनातल्या मनात बोलणं कमी केलं.

त्यात शहराबाहेर मुल्लानपूरला घेतलेला फ्लॅट. फ्लॅट बाराव्या मजल्यावर, आणि इमारत अजून नवव्या मजल्यापर्यंतच आलेली. म्हणजे जी जागा हवेत आहे तिचा हप्ता ही दोघं दर महिन्याच्या पाच तारखेला भरत होती. अनिकेतच्या वडिलांनी रिटायरमेंटचे सगळे पैसे त्यात घातले होते. हप्ता दोघांच्या जॉइंट खात्यातून आपोआप कापला जायचा. खात्यात पैसेच नाहीत म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन हप्ते परत गेले. बँकेच्या माणसाने फोनवर सांगितलं, तिसरा परत गेला की नोटीस येईल, पुढचं आमच्या हातात नाही.

तिची स्वतःची नोकरी त्याआधीच सुटली होती. पोरीला बोलायला शिकवायच्या बाईंकडे आठवड्यातून चारदा न्यायचं, मग नोकरी कशी करणार? मागच्या वर्षाच्या मध्यावरच तिने राजीनामा दिला. कंपनीने मात्र वर्षभराचा पगार धरून कर कापला होता. तो जास्तीचा कर परत मिळणार होता, एकसष्ट हजार. जुलैत अनिकेतनेच तिचं रिटर्न भरलं, घरात आता तेवढंच काम त्याला होतं. त्या दिवशी ती खाली आली आणि म्हणाली, "काकू, माझेच पैसे मला परत मिळणार आहेत, आणि मला लॉटरी लागल्यासारखं वाटतंय."

त्याच महिन्यात ओजूच्या उजव्या कानाचं मशीन बंद पडलं. डाव्या कानाचं चालायचं, पण खरखरायचं. पस्तीस सेक्टरातल्या दुकानदाराने उघडून पाहिलं आणि हात झटकले. मॉडेल जुनं, पार्ट येत नाहीत, नवी जोडी घ्या. साध्यातली साधी जोडी अठ्ठावन्न हजारांना. सरकारी मशीन फुकट मिळतं म्हणून तिने अर्ज केला, तर त्यांना मागच्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला हवा. मागच्या वर्षी दोघांचे पगार चांगले घसघशीत! आज घरात डाळ मोजून शिजते, हे सांगायला दाखल्यात जागा नसते.

पोर मग सगळ्याला हो म्हणायला लागली. "ओजू, खाना खाया?" हाँ. "ओजू, टीचर ने क्या पढ़ाया?" हाँ. मी एकदा मुद्दाम विचारलं, "ओजू, तू बंदर है?" तर हसून म्हणाली, हाँ. मी हसले, आणि जिना उतरताना मला रडू कोसळलं. शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी वर्गात लक्ष देत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिचा 'स' गेलाय. तीन वर्षं मेहनत करून आणलेला 'स'. या वयात सहा महिने वाया गेले तर ते भरून निघत नाहीत, असंही म्हणाल्या.

तेव्हा पैसे यायच्या आधीच त्या पैशांवरून वर वाद सुरू झाले. अनिकेतचं म्हणणं, रिफंड हप्त्याला जाऊ दे. एक हप्ता भरला की बँक थांबेल, तेवढ्यात मला नोकरी लागतेय, मग मशीन काय, चांगल्यातलं घेऊ. तिचं म्हणणं, मशीन आत्ता. यात कुणाचं चुकत होतं? मला विचाराल तर त्याचं. पण माझं काय, मी फ्लॅटमध्ये एक वीटसुद्धा घातलेली नाही. त्याचे वडील सांगलीहून रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, "आता कितवा मजला झाला रे?"

सप्टेंबरअखेर मेसेज आला, रिफंड अडकला. खात्यावरचं नाव जुळत नाही. ती फोन घेऊन खाली आली आणि मला म्हणाली, "काकू, माझ्याबरोबर बँकेत येता का? अनिकेत इंटरव्ह्यूला गेलाय."

बँकेतली मॅडम पंजाबी, चष्म्यावरून बघणारी. तिने पॅनकार्ड पाहिलं, आधार पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. पॅनवर चित्रा रघुवीर वळसंगकर. आधारवर तेच. जॉइंट खात्यावर मधुरिमा अनिकेत हर्डीकर.

"ये चित्रा कौन है?" मॅडमने विचारलं.

"मैं ही हूँ जी."

"और मधुरिमा?"

"वो भी मैं ही हूँ."

मॅडमने चष्मा काढला. "देखो जी, शादी में सरनेम बदलता है, वो हमें पता है. आपने तो पूरी लड़की ही बदल दी!"

मग तिला समजावणं आलं. लग्न होऊन सून घरात आली की आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. हिच्या सासूबाईंनी मधुरिमा ठरवलं, अनिकेतने लिहिलं, सगळ्यांना साखर वाटली. लग्नानंतर लगेच पुण्यात जॉइंट खातं उघडलं ते लग्नाच्या दाखल्यावर, हौसेने नव्या नावाने. पॅन आणि आधार बदलायचं मात्र राहून गेलं. बारा वर्षं राहून गेलं. पगार त्या खात्यात जमा होत होता, कुणी काही विचारलं नाही. सरकारने पैसे परत द्यायचे म्हटल्यावर मात्र नाव तपासलं.

"चावल में नाम?" मॅडम म्हणाली. तिला ते फार आवडलं. शेजारच्या क्लार्कलासुद्धा सांगितलं. मग कामाचं बोलली. जॉइंट खात्यातलं नाव बदलायचं तर लग्नाचा मूळ दाखला आणि दोघांच्या सह्या लागतील. "नहीं तो सिंपल है. चित्रा के नाम से नया खाता खोल लो. पॅन, आधार है, आधे घंटे का काम है."

लग्नाचा दाखला सांगलीला सासूबाईंच्या कपाटात होता. अनिकेतने फोन केला, त्यांनी पाठवते म्हटलं, मग कपाटाची किल्ली सापडेना. ऑक्टोबरचा हप्ता अनिकेतने मित्राकडून उसने आणून कसाबसा भरला, म्हणून तिसरं परत जाणं एक महिना लांबलं. पण मित्राकडे पुन्हा मागायची सोय राहिली नव्हती. आता नोव्हेंबरची पाच.

आता माझं सांगते, कारण यात मी आहे. त्या मॅडमचं बोलणं ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जॉइंट खात्यात पैसे आले तर पाच तारखेला हप्ता ते खाऊन टाकणार. विचारायला थांबणार नाही. दुसऱ्या खात्यात आले तर ते या पोरीच्या हातात राहतील. एका दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा मी सरळ म्हटलं, "अगं चित्रा, उघड की तुझ्या नावाने खातं."

ती दचकली. त्या नावाने तिला इथे कुणी हाक मारली नव्हती. "काकू, ते चोरी केल्यासारखं होईल हो."

"स्वतःचे पैसे घ्यायला चोरी म्हणत नाहीत."

"अनिकेतच्या बाबांचे सगळे पैसे अडकलेत त्यात. आणि तो... काकू, तो रात्री झोपत नाही. हप्ता गेला तर तो मोडेल."

"आणि ओजूचं?"

ती ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. मी तिला ढकललं, हे मी कबूल करते. मला ते बरोबर वाटत होतं, आजही वाटतं, पण ढकललं मी. दुसऱ्या दिवशी तिने खातं उघडलं, रिफंडसाठी नवा अर्ज केला आणि घरी सांगितलं की रिफंड अजून अडकलेलाच आहे.

तीन नोव्हेंबरला, अकराच्या सुमारास, ती धावत खाली आली. "काकू, आले."

फोनवर आकडा होता. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि तो मेसेज पुन:पुन्हा उघडून बघायला लागली. मला वाटलं आनंदाने. पण तसं नव्हतं. अजून दोन दिवस हातात होते. अजूनही ती पैसे जॉइंट खात्यात टाकू शकत होती, आणि कुणाला काही कळलं नसतं. ती म्हणाली, "मी अनिकेतला सांगते. सांगून मग मशीन घेते. न सांगता नको."

"सांगितलंस तर घेणार नाहीस."

"का नाही घेणार?"

"तो रडेल, आणि तू देशील."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की वाटलं आता उठून जाईल आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मग म्हणाली, "हो. देईन." आणि ओढणीने तोंड पुसलं. "चला काकू, शाळेतून तिला घेऊ आणि तशाच जाऊ. घरी गेले तर माझ्याच्याने होणार नाही."

कानाच्या आकाराचा साचा आधीच घेऊन ठेवलेला होता, त्यामुळे मशीन त्याच दुपारी बसलं. दुकानदाराने आवाज हळूहळू वाढवला. ओजू आधी दोन्ही हात कानांवर घेऊन बसली. मग हात काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून हलवलं. "दादी, आपकी चूड़ी बोलती है!" रिक्षात बसल्यावर ती पिशवीचा प्लास्टिकचा कागद पुन:पुन्हा चुरगाळत होती आणि ऐकत होती. तिची आई बाहेर बघत होती. पूर्ण रस्ताभर तिने आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

घरी तिने सांगितलं, दुकानदाराने महिनाभर ट्रायलवर दिलंय. अनिकेतने त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवायला त्यालाही हवंच होतं काहीतरी. पाच तारखेला हप्ता परत गेला. पंधरा तारखेला नोटीस आली. तो दिवसभर खोलीतून बाहेर पडला नाही, ती मात्र ओजूला घेऊन रोज बाईंकडे जात होती. 'स' परत येत होता. ओजू मला "दादी, समोसा" म्हणून दाखवायची, आणि मी खरंच समोसे आणायचे.

त्यानंतरच्या रविवारी मी वर गेले होते. थालीपीठं केली होती, चार ताटलीत घालून नेली. ओजू बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, मीही तिच्याजवळ टेकले. दोघं आतल्या खोलीत होती. अनिकेतने लॅपटॉपवर रिफंडचं काय झालं ते पाहायला तिचं लॉगिन उघडलं होतं. रिटर्न त्यानेच भरलेलं, पासवर्ड त्याला पाठ. आणि तिथे लिहिलेलं होतं, रिफंड जमा, तीन नोव्हेंबर.

"हे खातं कुणाचं आहे?" त्याचा आवाज आला.

तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

"चित्रा? बारा वर्षांनी चित्रा? माझ्यापासून लपवायला तुला ते नाव सापडलं?"

मग सुरू झालं. त्या घरात मोठ्याने भांडायची सवयच होती, कारण दुसऱ्या खोलीतलं पोरीला कधी ऐकूच जायचं नाही. दार लोटलं की झालं. ती दोघं वर्षानुवर्षं तसंच भांडत आली होती, आणि त्या क्षणी दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. मलाही आठवलं नाही. मी थालीपीठावरचं झाकण काढत होते.

"नोटीस आलीय, मधू! बाबांना काय तोंड दाखवू? त्यांचे सगळे पैसे गेले. सगळे! दोन दिवसांनी, फक्त दोन दिवसांनी हप्ता होता!"

"मशीन घेतलं मी. दारू नाही प्यायले."

"मग परत कर ते मशीन! पैसे आण परत!"

"परत घेत नाहीत. साचा तिच्या कानाचा आहे."

"अठ्ठावन्न हजार! एका मशीनसाठी घर गेलं आपलं, कळतंय का तुला? मशीनसाठी!"

मी वर पाहिलं, तर ओजूचा खडू थांबलेला होता. ती दाराकडे बघत होती. तिला मराठी कुणी शिकवली नव्हती. पण मशीन आणि पैसे हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत, आणि घर हा शब्दही.

"दादी," ती हळूच म्हणाली, "पापा रो रहे हैं?"

"नाही गं," मी म्हटलं. मग घाईने, "नहीं बेटा, वो... फोन पे हैं." इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

तिने मग उजव्या कानातलं मशीन काढलं, डाव्या कानातलं काढलं. सेल वाया जाऊ नये म्हणून त्याचं बारीक दार उघडून ठेवायचं असतं, तेही शिकवलं होतं तसं न विसरता उघडलं. दोन्ही मशीन डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी घेऊन उठून आतलं दार ढकललं. मी तिला धरायला हवं होतं. नाही धरलं.

मशीन नसलं की तिला स्वतःचा आवाज किती मोठा येतोय ते कळत नाही. ती ओरडूनच बोलली.

"पापा, ये वापस कर दो. पैसे मिल जाएँगे. मैं ऐसे ही सुन लूँगी."

आतलं सगळं थांबलं. चित्रा भिंतीला टेकून खाली बसली. अनिकेत डबीकडे बघत उभा होता. मग त्याने गुडघे टेकले, पोरीचे दोन्ही खांदे धरले आणि रडत रडत म्हणाला, "नहीं बेटा. ये वापस नहीं होगा. ये तेरा है."

तिला काही ऐकू गेलं नाही. तिने डबी त्याच्यापुढे आणखी थोडी सरकवली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हाँ."